गिधाडे गेली, आता ढोर कोण ओढणार?

मराठवाड्यातल्या आमच्या गावी महारवाड्याच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला एक खडकाळ तुकडा होता. सारा गाव त्याला हाडकी म्हणत असे. गावातले कोणतेही ढोर मेले की ते हाडकीवर येऊन पडायचे. आमच्या आज्याच्या तरुणपणी ते ओढून आणायचे काम आमच्या लोकांच्या गळ्यात होते. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने ते काम सोडले. त्यासाठी काही महिने गावाचा बहिष्कार सोसला, पण पुन्हा दोराला हात लावला नाही. मग ज्याचे ढोर तोच गाडीला बांधून आणून टाकू लागला. कोणी तरी कातडे काढून नेई आणि पाठोपाठ आभाळातून गिधाडे उतरत. आम्ही पोरे लांब उभे राहून बघायचो. शंभर-सव्वाशे पाखरांची नुसती झुंबड, माना आत, पंखांची फडफड, आपसात भांडण. दुपारी टाकलेल्या बैलाचा संध्याकाळी फक्त सापळा उरलेला असे. वास म्हणून येत नसे.

शेवटचे गिधाड हाडकीवर कधी उतरले, हे गावात कोणालाच सांगता येत नाही. चांगले काम करणारा गेला की त्याची आठवण लोकांना वास सुटल्यावरच येते. नव्वदच्या दशकात कधी तरी लक्षात आले, की ढोर तसेच पडून आहे, फुगले आहे, कुत्री ओढताहेत आणि वारा फिरला की जेवणाच्या ताटावर बसवत नाही. वारा कोणत्या वस्तीकडे फिरतो, हे वाचकांना सांगायला नको. गावाची रचना करणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार आधीच करून ठेवलेला आहे.

पर्यावरण हा शब्द आला की आपले कार्यकर्ते पान उलटतात. वाघ, जंगल, पक्षीनिरीक्षण हा शहरातल्या खात्यापित्या लोकांचा छंद, आपल्यापुढे अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, रोजगार असे जिवंत प्रश्न आहेत, असे आपण म्हणतो. हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. जंगल वाचवण्याच्या नावाखाली आदिवासींना हुसकावणारेही स्वतःला पर्यावरणवादीच म्हणवतात. पण गिधाडाची गोष्ट त्या छंदातली नाही. ती हाडकीची गोष्ट आहे, म्हणून आपली आहे.

निसर्गाचा कारभार कसा चालतो? सूर्याच्या उजेडावर गवत वाढते, गवत ढोर खाते, ढोर मरते. त्याच्या अंगातले नत्र, स्फुरद, कॅल्शियम परत मातीत गेले तरच पुढचे गवत उगवणार. मेलेले फोडून परत मातीत घालणारी एक मोठी फौज निसर्गात आहे. त्यात जिवाणू आहेत, बुरशी आहे, किडे आहेत, गिधाडे आहेत. या फौजेने संप केला तर वाघ, हरीण, माणूस कोणीच टिकणार नाही. शाळेच्या पुस्तकात अन्नसाखळीच्या टोकाला रुबाबदार वाघ काढतात आणि साखळीचे तोंड पुन्हा मातीला जोडणाऱ्यांना एका ओळीत उरकतात. शाळेच्या पुस्तकांना ही सवय आहे.

तथागतांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला माहीत आहे. काहीही आपोआप उभे नाही, प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टींच्या आधाराने उभी आहे, आधार गेला की तीही जाते. शास्त्रज्ञ ज्याला परिसंस्था म्हणतात ती समजायला या समाजाला तरी जड जाऊ नये.

आता गिधाडाचे शरीर बघा. त्याच्या जठरातले आम्ल इतके जहाल असते की काळपुळीसारख्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या रोगाने मेलेले जनावर खाऊनही ते सहसा मरत नाही. दुसऱ्याला मारणारे बहुतेक जंतू त्याच्या पोटात जाऊन संपतात. मान उघडी असते, त्यामुळे सापळ्यात डोके घातले तरी रक्त-मांस पिसांत अडकून राहत नाही. तापलेल्या हवेच्या झोतावर पंख न हलवता ते तासन् तास तरंगते आणि थोड्या कष्टात शेकडो किलोमीटर धुंडाळते. एक खाली उतरले की ते पाहून दुसरे उतरते, दुसऱ्याला पाहून तिसरे. तासाभरात थवा गोळा होतो. महिन्याला पगार नाही, गणवेश नाही, डिझेल नाही. अशी सफाई यंत्रणा कोणत्याही महानगरपालिकेकडे नाही.

पण हीच यंत्रणा फार नाजूकही असते. आपल्याकडची गिधाडे वर्षाला एकच अंडे घालतात, आणि पिलू वयात यायला पाचेक वर्षे लागतात. मोठी गिधाडे वर्षानुवर्षे जगतात या हिशोबावरच त्यांचा वंश चालतो. मोठी पाखरे मरू लागली की भर पडायला वावच नसतो.

आणि ती मरू लागली. ऐंशीच्या दशकात देशात गिधाडे कोट्यवधींनी होती. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर जगातल्या सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत गणले जाई. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी ओस पडलेली घरटी आणि झाडाखाली मरून पडलेली गिधाडे नोंदवली. जिवंत होती ती मान खाली टाकून बसलेली. १९९२ ते २००७ या १५ वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के संपली. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून सुमारे ९७ टक्के गेली. म्हणजे पांढऱ्या पाठीच्या हजारातले एक उरले. पाखरांच्या इतिहासात इतका झपाट्याचा नाश क्वचितच झाला असेल.

कारण कोणाला कळेना. कोणी कीटकनाशक म्हणाले, कोणी नवा विषाणू म्हणाले. शेवटी उत्तर पाकिस्तानात सापडले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मेलेल्या गिधाडांची चिरफाड केली, तेव्हा त्यांच्या काळजा-यकृतावर पांढरी भुकटी साचलेली दिसली. मूत्रपिंड निकामी होऊन युरिक आम्ल अंगात साठले होते. त्यांच्या अंगात डायक्लोफेनॅक निघाले. २००४ साली हे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात आले. डायक्लोफेनॅक म्हणजे आपण गुडघे दुखले की घेतो तीच गोळी! नव्वदच्या दशकात ती स्वस्त झाली आणि गुरांच्या दवाखान्यात शिरली. लंगडणाऱ्या बैलाला, कास सुजलेल्या म्हशीला शेतकरी सुई टोचून घेऊ लागला. त्यात त्याचा काही गुन्हा नाही, दारचे जनावर उभे राहिले पाहिजे हीच त्याची इच्छा. पण सुई टोचल्यावर दोन-चार दिवसांत ते जनावर मेले, की त्याचे मांस गिधाडाला विष.

येथे एक गणित ध्यानात घेतले पाहिजे. शास्त्रज्ञांनी हिशोब केला, की एवढा संहार व्हायला दर शंभर मढ्यांमागे एक विषारी मढेसुद्धा लागत नाही. एकाच मढ्यावर शंभर पाखरे जेवतात, म्हणून एक विषारी ढोर अख्खा थवा घेऊन जाते. जे एकत्र जेवतात ते एकत्र मेले.

बरे, गिधाडे गेली तर त्यांचे काम दुसरे कोणी करील, असे आपल्याला वाटते. केले ना! कुत्र्यांनी केले. पण कुत्र्याच्या पोटात जंतू तसे संपत नाहीत, आणि कुत्रे हाडकीवरून थेट आपल्या दारात येते. गिधाडाचे वर्षाला एक पिलू, कुत्रीची एका वेतातच पाच-सहा पिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने मांडलेला अंदाज असा : १९९२ ते २००६ या काळात देशात कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली, चाव्यांचे सुमारे ३ कोटी ८५ लाख जादा प्रकार घडले आणि पिसाळी रोगाने ४७ हजारांवर जादा माणसे मेली. आणखी पुढचा हिशोब इयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये मांडला. जिथे पूर्वी गिधाडे होती आणि जिथे मुळातच फारशी नव्हती अशा जिल्ह्यांतले मृत्युदर त्यांनी ताडून पाहिले. गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला निघाला. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख जादा माणसे मेली, असा त्यांचा अंदाज आहे. कुजणारी मढी, त्यावर वाढलेली कुत्री, ओढ्या-नाल्यात आणि पिण्याच्या पाण्यात उतरलेली घाण, अशी ती कारणांची साखळी आहे.

पाच लाख! हे अंदाज आहेत, पुढे कमीजास्त होतील. पण यातली माणसे कोण होती, याचा रकाना कोणत्याही अभ्यासात नाही. तो आपण भरायचा. हाडकीच्या कडेला कोणाची घरे आहेत? ओढ्याचे पाणी कोण पिते? कुत्रे चावल्यावर तालुक्याच्या दवाखान्यात लस संपली असेल, तर खाजगी दुकानातून लस विकत घेण्याची ऐपत कोणाची नाही? गिधाडे मेल्याची बातमी इंग्रजी वर्तमानपत्रांत आली, ती मुंबईत पारशी समाजाच्या दोख्म्यांवर मृतदेह तसेच राहू लागले म्हणून. त्यांचा प्रश्न खराच होता, आणि सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवून त्यांनी त्यावर काही मार्ग काढला. हाडकीशेजारच्या वस्तीला आरसे कोण देणार?

आता जरा नाजूक मुद्द्याकडे येतो.

निसर्गात प्रत्येकाचे काम ठरलेले आहे, ज्याने त्याने आपले काम करावे म्हणजे समतोल राहतो, हे वाक्य कानाला गोड लागते. पण आपण ते दुसऱ्या एका ग्रंथात आधी ऐकलेले आहे! मनूची सारी मांडणी याच वाक्यावर उभी आहे. आधुनिक विद्वत्तेतही त्याचा एक पडसाद उमटला. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८३ साली जातिव्यवस्थेकडे परिस्थितिकीच्या नजरेने पाहिले. फासेपारधी, वैदू, नंदीवाले या जमाती एकाच भागात फिरूनही वेगवेगळ्या प्राण्यांची शिकार करतात, त्यामुळे साधनांसाठी त्यांच्यात झगडा होत नाही, असे त्यांनी दाखवले. जातीने निसर्गातले कोनाडे वाटून दिले, त्यामुळे संसाधने जपून वापरली गेली, असा तो विचार. निरीक्षण म्हणून त्यात तथ्य आहे, आणि त्यांनी जातीचे समर्थन केले असे माझे म्हणणे नाही. परंतु फासेपारध्याला त्या कोनाड्यात कोणी घातले, आणि त्यातून बाहेर पडला तर त्याचे काय होत होते, हा प्रश्न तिथे उरतोच.

गिधाड मढे खाते, कारण ते त्याचे अन्न आहे. त्याची चोच, त्याचे जठर, त्याची उघडी मान लाखो वर्षांत त्या अन्नासाठी घडली. महाराची मान तशी घडलेली नव्हती. त्याचे जठर पाटलाच्या जठरासारखेच होते. मढे ओढायला लावणे आणि त्याचेच मांस खायला लावणे हा निसर्गाचा नियम नव्हता, तो वतनाचा नियम होता. हाडकी-हाडोळ्याचे चिमूटभर रान देऊन तो बसवला आणि मग त्यालाच धर्म म्हटले. गावाने दोघांनाही एकाच नजरेने पाहिले, हे मात्र खरे. गिधाड घरावर बसले की घर बाटले, शांती करा. महाराची सावली पडली की विटाळ झाला, आंघोळ करा. जो घाण उचलतो तोच घाण, असा हा न्याय! मेलेल्या गाईचे मांस खाणे आणि अस्पृश्यता यांचा संबंध बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात उलगडून दाखवला, तो मुळातून वाचावा.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद झाली, ती आपल्याला चवदार तळ्यासाठी आठवते. तिथेच मृत मांस सोडा असे बाबासाहेबांनी बजावले, आणि सवर्णांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत असे आवाहनही परिषदेने केले. या दुसऱ्या गोष्टीकडे आपले लक्ष कमी जाते. आमच्या लोकांनी काम सोडले एवढ्यावर तो विचार थांबत नाही. ज्याचे ढोर त्याची जबाबदारी, हा तो नियम. कारखाना ज्याचा, सांडपाणी त्याचे, असे आज पर्यावरणाचा कायदा सांगतो. महाडने ते जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी सांगितले होते.

पुढे १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी या विषयावरचा जुना वाद सांगितला. कातडे, शिंगे, खुरे, हाडे यांचे उत्पन्न महारांनी उगाच सोडले, त्यांचे नुकसान झाले, असा कळवळा काहींना आला होता. एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच का घेत नाही, असे बाबासाहेबांनी त्यांना विचारले. त्याला आजतागायत उत्तर आलेले नाही.

उत्तर द्यायची गरज पडली नाही, याचे एक कारण गिधाडे होती! आपल्या लोकांनी दोर टाकला तरी गावाची फारशी अडचण झाली नाही, कारण उघड्यावर टाकलेले ढोर गिधाडांनी फुकटात संपवले. गावाला आपली घाण आपण पुरायला शिकावेच लागले नाही. गिधाडे गेल्यावर हा प्रश्न तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा उघडा पडला आणि समाजाने काय केले? पुन्हा जुन्याच माणसांकडे बोट दाखवले. नगरपालिकांच्या कंत्राटी गाडीवर मेलेले जनावर उचलणारा मजूर कोणत्या वस्तीतून येतो ते आपापल्या गावात पाहून घ्यावे.

आणि हे काम करावे तर मार, न करावे तर बहिष्कार. १५ ऑक्टोबर २००२ रोजी हरियाणात झज्जर जिल्ह्यातल्या दुलिना येथे गाय मारल्याच्या संशयावरून पाच दलितांना जमावाने ठार केले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावी मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या बांधवांना गाडीला बांधून फोडले. त्यानंतर सुरेंद्रनगरला तरुणांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कार्यालयापुढे नेऊन टाकली. तुमची माता आहे, तुम्हीच तिचे अंत्यसंस्कार करा! महाडच्या आवाहनाचे हे उन्याचे भाषांतर होते. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल कापण्यावरही बंदी आहे. म्हातारे झालेले जनावर विकता येत नाही, ते दारात किंवा माळावर मरणार. ते मढे कोणी उचलायचे याचे उत्तर गोरक्षकांकडे नाही.

यात एक साखळी तुटली, तीही पाहिली पाहिजे. कातडे काढल्यावर गिधाडांना मांस मोकळे मिळे, कारण जाड कातडे फोडणे त्यांनाही जड जाते. गिधाडांनी हाडे स्वच्छ केल्यावर हाडे वेचणारी गरीब माणसे ती गोळा करून खताच्या, सरसाच्या कारखान्यांना विकत. आता हाडे स्वच्छ होत नाहीत, आणि कातडे काढायची भीती. ज्यांनी स्वखुशीने हा धंदा धरला होता, त्यांचीही भाकरी गेली.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. गिधाडांना न मारणारे मेलॉक्झिकॅम हे औषध उपलब्ध आहे. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचणे चालूच राहिले, म्हणून २०१५ साली ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेची अट घालावी लागली. मग केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक आली. यातले दुसरे तर गुरांच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच बनते! त्या दोन्हींवर बंदी यायला २०२३ साल उजाडले. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडे २०२४ साली आपल्याकडे ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली. गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी उपाहारगृहे काढली, तिथे मेलेली गुरे नेऊन टाकतात. स्तुत्य आहे. पण ती गुरे तिथे ओढून कोण नेते, त्याला मजुरी काय, हातमोजे मिळतात का, हे एकाही पक्षिमित्राच्या लेखात मला वाचायला मिळाले नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी हे प्रश्न विचारावेत, म्हणून हा लेखप्रपंच. औषधाच्या दुकानात बंदी असलेले इंजेक्शन गुरांसाठी मिळते का, ते पाहायला पदवी लागत नाही. ग्रामपंचायतीने मेलेल्या जनावरांसाठी वस्तीपासून लांब, कुंपणाची जागा राखली आहे का? उचलायला यंत्र आहे की माणूस? विषारी सुई न टोचलेले ढोर गिधाडांच्या जागी नेण्याची आणि टोचलेले खोल पुरण्याची वेगळी सोय आहे का? तालुक्याच्या दवाखान्यात पिसाळी रोगाची लस शिल्लक आहे का?

गेल्या वर्षी आमच्या ग्रामसभेत हा विषय निघाला तो एका बैलावरून. ऐन पावसाळ्यात चार दिवस बैल हाडकीवर सडत होता आणि आमच्या वस्तीतली दोन पोरे कुत्र्यांनी फाडली होती. नेहमीप्रमाणे एकाने आमच्याकडे पाहून म्हटले, "पूर्वी तुमची माणसं करायची, काही तक्रार नसायची." आमच्या चुलत्याचे वय आता ८० च्या पुढे आहे. ते काठी टेकवत उठले आणि म्हणाले, "पाटील, आमची माणसं करत नव्हती. आम्ही सोडून साठ-सत्तर वर्षं झाली. त्यानंतर गिधाडं करत होती, ती तुमच्या ध्यानातच आली नाहीत." सभेत कोणी हसले नाही. मग ठराव झाला. ज्याचे ढोर त्याने ग्रामपंचायतीला कळवायचे, खड्डा जेसीबीने घ्यायचा, खर्च निम्मा मालकाने आणि निम्मा ग्रामपंचायतीने करायचा. आतापर्यंत तीन वेळा जेसीबी आला आहे. चौथ्या वेळी मालकाने रात्रीतून ढोर पुन्हा हाडकीवरच आणून टाकले. त्याच्याकडून वसुली करायची की नाही, यावर पंचायतीत वाद चालू आहे.